आंकड्यांचा कारभार



आजच्या भाषणासाठीं मला जो विषय नेमून दिला आहे त्याचें नांव ऐकून माझ्या कांहीं स्नेह्यांना हंसूं आलें. एखाद्या संस्थेनें आपल्याजवळची माहिती कशी सांभाळावी, आणि 'डेटा सायन्स' ह्या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचें काम तेथें शेवटास कसें न्यावें, हा तो विषय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत घालविलेला मास्तर. मला संगणकाची भाषा येत नाहीं आणि संख्याशास्त्राचें उच्च गणितहि येत नाहीं. तथापि एका बाबतींत मला थोडा तरी अधिकार आहे असें वाटतें. ज्या आंकड्यांवर हें शास्त्र उभें आहे ते आंकडे जेथें जन्मतात, त्या जागीं मी पस्तीस वर्षें बसलों होतों. हजेरीपट मीं भरले, शाळेचीं पत्रकें मीं भरलीं, आणि 1991, 2001 व 2011 ह्या तीन जनगणनांच्या वेळीं घरोघर हिंडून माणसें मीं मोजलीं. आंकडा कसा जन्मतो, कसा बिघडतो आणि कधीं कधीं तो मुद्दाम कसा बिघडविला जातो, हें मीं जवळून पाहिलें आहे. एकदां तर तें माझ्याच हातून घडलें. ती हकीकत पुढें येईल.

आरंभ घरापासून करूं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. एके दिवशीं एक, दुसऱ्या दिवशीं दीड, पाहुणे आले त्या दिवशीं दोन. महिनाअखेर बेरीज करावयास बसावें तों मध्येंच एक चौकट कोरी दिसते. त्या दिवशीं दूध आलेंच नव्हतें, कीं आलें पण लिहावयाचें राहिलें? दूधवाला म्हणतो, दिलें; घरांतील माणसें म्हणतात, आम्ही त्या दिवशीं गांवीं होतों. शून्य आणि कोरी जागा ह्या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणतें, 'कांहीं नव्हतें'. कोरी जागा म्हणते, 'मला ठाऊक नाहीं'. ह्यांत भर म्हणून सूनबाई लिटरांत लिहितात आणि सासूबाई पिशव्यांत. पिशवी अर्ध्या लिटरची. दोघींच्याहि नोंदी खऱ्या, आणि बेरीज मात्र खोटी!

मोठमोठ्या बँका, रुग्णालयें, कारखाने ह्यांच्या दप्तरांत जो गोंधळ असतो तो मुळांत ह्याच जातीचा असतो. फरक एवढाच कीं तेथें चौकटी तीस नसून तीस कोटि असतात. कोणत्या रकान्यांत काय लिहावयाचें, कोणत्या मापांत लिहावयाचें, तें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला, आणि ती वही कोणाकोणाच्या दृष्टीस पडावी, हें आधीं ठरवून ठेवणें म्हणजेच माहितीचें व्यवस्थापन होय. शेवटच्या प्रश्नाकडे आपलें अगदींच दुर्लक्ष असतें. आपल्या सोसायटीच्या फाटकावर जी वही असते तींत येणाऱ्याजाणाऱ्यांचीं नांवें व टेलिफोनचे क्रमांक दिवसभर उघडे पडलेले असतात, आणि पुढचा पाहुणा आपलें नांव लिहितां लिहितां मागचीं दहा नांवें वाचून घेतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारताच्या संसदेनें 2023 सालीं संमत केला. त्याचें मूळ तत्त्व असें कीं, माहिती ज्या कामासाठीं मागितली त्याच कामापुरती ती वापरावी. फाटकावरच्या वहीपर्यंत तें तत्त्व पोंचावयाचें आहे.

ह्या जमविलेल्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधावयाचा, हें डेटा सायन्सचें काम. कोणता कर्जदार हप्ते थकवील, कोणतें यंत्र लौकरच बिघडेल, पावसाळ्यांत कोणत्या आठवड्यांत रुग्णालयांत किती खाटा लागतील, अशा प्रश्नांचीं उत्तरें मागील हजारों नोंदींतून शोधून काढणारें एक गणिती सूत्र तयार करतात. त्याला प्रतिमान म्हणतात. हें प्रतिमान बनविणें हाच ह्या कामाचा गाभा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि तरुण मुलें लाखों रुपये भरून तेंच शिकावयास जातात. माझें म्हणणें असें कीं, तो गाभा नव्हे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस यूरोपांतील कांहीं कंपन्यांनीं एकत्र बसून ह्या कामाची एक रीत आंखून दिली. ती पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानली जाते. तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिली पायरी धंद्याची गरज समजून घेण्याची, दुसरी हातांतील माहिती समजून घेण्याची, तिसरी ती निवडून साफ करण्याची. प्रतिमान येतें तें चौथ्या पायरीवर. पांचवींत त्याची पारख होते आणि सहावींत तें प्रत्यक्ष कामास लावलें जातें. जीं कामें फसतात तीं बहुधा पहिल्या तीन पायऱ्यांवर किंवा अगदीं शेवटच्या पायरीवर फसतात, आणि दोष मात्र चौथीला लागतो.

आधीं जन्मस्थानाकडे पाहूं. ह्या बाबतींत आपल्या देशांत एक मोठा बोधप्रद वाद होऊन गेला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनीं 1931 सालीं कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. पुढें बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज करण्याचें काम त्यांजकडे आलें. एकेक शेत मोजीत बसण्याऐवजीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें कांहीं जागा निवडाव्या आणि तेवढ्याच तपासाव्या, ही नमुना-पाहणीची पद्धति त्यांनीं अवलंबिली. तथापि त्यांनीं एकदम सारा प्रांत हातीं घेतला नाहीं. 1937 सालीं त्यांनीं एका लहानशा टापूंत प्रयोग केला, दरवर्षीं चुका सुधारीत क्षेत्र वाढविलें, आणि 1941 सालीं सबंध प्रांतापर्यंत मजल नेली. शिवाय एकाच मुलखांत दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून, एकीचा आंकडा दुसरीला कळूं न देतां, दोहोंचे निकाल ताडून पाहण्याची युक्ति त्यांनीं काढली. दोन तुकड्यांचे आंकडे जुळले नाहींत तर दोष पिकांत नसून मोजणींत आहे, हें लगेच ध्यानांत येई. कोणत्याहि कचेरीनें आजहि उचलावी अशी ही युक्ति आहे.

पुढें धान्याच्या उताऱ्याचा प्रश्न निघाला. शेतांत एक लहानसा तुकडा आंखून त्यांतील पीक कापावयाचें, तोलावयाचें, आणि त्यावरून एकरी उतारा काढावयाचा. तुकडा केवढा असावा? महालनोबिस ह्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. थोड्या खर्चांत पुष्कळ ठिकाणें पाहून होतात असें त्यांचें म्हणणें. त्यांना विरोध केला तो आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं 1911 सालीं जन्मलेल्या, फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेल्या, पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनीं. सुखात्मे त्या वेळीं दिल्लीस कृषि-संशोधनाच्या केंद्रीय परिषदेंत होते. लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा नेहमीं खऱ्याहून अधिक येतो, असें त्यांनीं 1946 सालीं 'नेचर' ह्या इंग्लिश नियतकालिकांत मांडलें.

असें कां व्हावें? कापणारा मनुष्य तुकड्याच्या कडेवर बसला कीं अगदीं सीमेवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न त्याला पडतो. लबाडीचा हेतु नसतांहि हात तें रोप आंत ओढतो. आतां थोडें गणित करूं. कागद जवळ असेल तर सोबत करून पाहावें. एक मीटर बाजूचा चौरस घ्या. चारी बाजूंना केवळ एक सेंटिमीटर अधिक कापलें गेलें तर बाजू 1.02 मीटर होते आणि क्षेत्र 1.0404, म्हणजे चार टक्क्यांची वाढ. तीच एक सेंटिमीटरची चूक दहा मीटर बाजूच्या चौरसावर झाली तर क्षेत्र शंभराऐवजीं 100.4004 होतें, वाढ अर्ध्या टक्क्याहूनहि कमी. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानानें मोठी, आणि चूक सारी कडेवर होते! कामगार चांगले शिकविलेले असले आणि साधनें नीट असलीं तर हा दोष फारसा राहत नाहीं, अशी महालनोबिस ह्यांची बाजू होती. आणि तीहि टाकाऊ नव्हे. दोन्ही पक्ष प्रकांड गणिती होते. तरीहि वादाचा निकाल लागावयाचा होता तो एका शेतमजुराच्या विळ्यापाशीं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. असे तुकडे हजारों घेऊन सरासरी काढली म्हणून ही चूक जात नाहीं, कारण ती कधीं इकडे कधीं तिकडे न होतां एकाच दिशेला होत असते. आज कोट्यवधि नोंदी हातांत आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीं सुखात्म्यांचा हा चौरस एकदां काढून पाहावा.

विळ्याची चूक निर्हेतुक होती. आतां हेतुपूर्वक झालेल्या चुकीची हकीकत सांगतों.

2000 नंतरच्या दशकांतली गोष्ट. मी मराठवाड्यांतील एका खेड्याच्या शाळेंत होतों. गांवांतलीं निम्मीं कुटुंबें दसरा झाला कीं ऊसतोडीला जात. नवराबायकोचा एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असे, आणि पोरेंहि त्यांच्याबरोबर बैलगाडींत बसून जात, तीं उन्हाळ्यांतच परत येत. पटावर चौसष्ट मुलें. कार्तिकांत वर्गांत दिसत अडतीस. आतां शिक्षकांचीं पदें मुलांच्या संख्येवर ठरतात. पट ओसरला तर पद जातें, पद गेलें तर कोणाची तरी दूर बदली होते. कोणीं स्पष्ट आज्ञा दिली नव्हती. परंतु 'हजेरी टिकली पाहिजे' हें वाक्य आम्हां सर्वांच्या कानांवर पुन्हां पुन्हां येत होतें. मीं गेलेल्या मुलांपुढें हजेरीची खूण करूं लागलों. प्रथम एकदोघांपुढें, मग सर्वांपुढें. आंकडे नीटनेटके दिसत होते, बेरीज बिनचूक होती, पत्रक वेळेवर जात होतें.

त्याच वर्षीं वरच्या कचेरीनें एक चांगला विचार केला. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गांवांतच राहून शिकतां यावें म्हणून हंगामी वसतिगृहें उघडावयाचीं होतीं, आणि तीं कोणत्या गांवीं हवींत हें ठरविण्यासाठीं कचेरीनें हजेरीचीं पत्रकें तपासलीं. ज्या शाळेची हजेरी दिवाळीनंतर एकदम खालीं येते तेथें गरज मोठी, असें अनुमान त्यांनीं काढलें. अनुमान अगदीं बरोबर होतें. आमच्या शाळेची हजेरी खालीं आलेलीच नव्हती! आम्हांला वसतिगृह मिळालें नाहीं. कचेरींतील मनुष्यानें कसलीहि चूक केली नव्हती. त्याचें गणित मीं माझ्या लेखणीनें आधींच चुकवून ठेवलें होतें. पुढच्या वर्षीं खरें पत्रक पाठविलें. वसतिगृह सुरू झालें, आणि शाळेंतील एक पदहि गेलें. मधल्या हंगामांत उसाच्या फडावर गेलेल्या मुलांपैकीं सात जण मात्र पुन्हां शाळेंत आलीं नाहींत. त्यांचीं नांवें मला आजहि पाठ आहेत. तीं येथें घेत नाहीं.

चार्ल्स गुडहार्ट ह्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानें 1975 सालीं असें निरीक्षण नमूद केलें कीं, एखाद्या आंकड्याच्या आधारें लोकांना आंवळूं लागलें कीं त्या आंकड्याची पूर्वीची विश्वसनीयता नाहींशी होते. मला तें कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती. म्हणून ज्याला एखाद्या संस्थेंत डेटाचें काम हातीं घ्यावयाचें आहे त्यानें प्रथम पत्रक भरणाऱ्या माणसाकडे जावें, त्याच्या शेजारीं बसावें, आणि हा आंकडा खरा लिहिला तर ह्याचें काय नुकसान होतें, एवढें विचारावें. तें उत्तर कोणत्याहि संगणकांत सांपडावयाचें नाहीं.

जन्म चांगला झाला तरी वाटेंत घात होऊं शकतो. 2020 च्या साथीच्या वेळीं इंग्लंडमध्यें असें घडलें. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर ह्या आठ दिवसांत कोरोनाचे 15,841 रुग्ण रोजच्या जाहीर आंकड्यांतून गळून गेले. प्रयोगशाळांनीं नोंदी नीट पाठविल्या होत्या. त्या एकत्र करण्यासाठीं सार्वजनिक आरोग्याच्या सरकारी यंत्रणेनें एक्सेलच्या जुन्या धर्तीचीं पत्रकें वापरलीं होतीं. त्या जुन्या पत्रकांत 65,536 ओळी मावतात, त्याहून एकहि अधिक नाहीं. एकेका रुग्णामागें अनेक ओळी लागत, त्यामुळें सुमारें चौदाशें रुग्णांतच पत्रक भरून जाई. पुढच्या नोंदी खालीं सांडल्या, आणि कोणतीहि घंटा वाजली नाहीं. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता; पण त्यांच्या सहवासांत आलेल्यांना शोधून सावध करणाऱ्या पथकांकडे त्यांचीं नांवें गेलीं नव्हतीं, आणि साथींत तर एकेक दिवस मोलाचा. हें टाळण्यास कोणतें मोठें शास्त्र हवें होतें? आमच्या शाळांत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेतांना देणारा मोजून देतो आणि घेणारा मोजून घेतो. संगणकांतहि जितक्या नोंदी निघाल्या तितक्याच पोंचल्या कीं नाहीं हें प्रत्येक टप्प्यावर मोजतां येतें. कंटाळवाणें काम आहे, म्हणून तें राहून जातें.

आतां दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे निर्णयाकडे वळूं. माझी कन्या पुण्यांतील एका कंपनींत ह्याच कामावर आहे. दोन वर्षांपूर्वीं एके रात्रीं जेवतांना ती फार खिन्न दिसली. विम्याचे हप्ते मध्येंच बंद करण्याचा संभव असलेले ग्राहक आधींच ओळखून काढावे, ह्यासाठीं तिनें व तिच्या चार सहकाऱ्यांनीं सहा महिने खपून एक प्रतिमान तयार केलें होतें. वरिष्ठांनीं तें पडद्यावर पाहिलें, टाळ्या वाजविल्या. चार महिन्यांनीं चौकशी केली तों त्या यादीवरून एकाहि ग्राहकाला कोणीं फोन केला नव्हता.

"बाबा, गणित कोठेंच चुकलें नव्हतें," ती म्हणाली.

मीं विचारलें, "फोन करणाऱ्या मुलींशीं तुम्हीं आरंभीं बोललां होतां का?"

"नाहीं. आमचें बोलणें साहेबांशीं झालें होतें."

पुढें उलगडा झाला तो असा. त्या मुलींची महिन्याच्या कामाची यादी एक तारखेस तयार होई, आणि प्रतिमानाची यादी पांच तारखेस साहेबांच्या टपालांत येऊन पडे. शिवाय त्या मुलींना बक्षीस मिळे तें नवा विमा विकल्याबद्दल. जुना ग्राहक टिकविला तर कांहींच नाहीं. मग त्यांनीं ती यादी कां उघडावी?

ह्या टोकाचें जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीचें आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता चित्रपट आवडेल हें सांगणारें आपलें सूत्र जो दहा टक्क्यांनीं अधिक अचूक करून देईल त्याला दहा लाख डॉलर देऊं, असें तिनें 2006 सालीं जाहीर केलें. 2009 सालीं तें बक्षीस दिलेंहि गेलें. परंतु शेकडों सूत्रांची मोट बांधून तयार झालेलें तें अंतिम प्रतिमान कंपनीनें कामास लावलेंच नाहीं. अचूकतेंत जी आणखी थोडी भर पडत होती तिच्या मानानें तें रोजच्या व्यवहारांत बसविण्याचा खटाटोप फार मोठा होता, असें कंपनीनेंच 2012 सालीं सांगितलें; आणि तोंवर तबकड्या टपालानें पाठविण्याचा मूळ धंदा बदलून चित्रपट थेट घरच्या पडद्यावर दाखविण्याकडे तिचें लक्ष वळलें होतें. स्पर्धेच्या पहिल्या वर्षाअखेर हातीं आलेलीं दोन साधीं सूत्रें मात्र तिनें वापरलीं. तेव्हां सारें बक्षीस वायां गेलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. दहा टक्क्यांचा आंकडा गांठला गेला, पण त्याची गरज तितकी उरली नव्हती.

दोन्ही टोकें जुळलीं म्हणजे काय होतें, हें सिंगापूरच्या एका प्रकरणांत दिसतें. मला तें इतकें आवडतें कीं ओळखीच्या सर्वांना मीं तें सांगून कंटाळा आणला आहे. आज आपली पाळी! तेथील 'सर्कल लाइन' ह्या मार्गावर चालकाविना आगगाड्या धांवतात. 2016 च्या ऑगस्टअखेरीपासून त्या मार्गावर एक विचित्र प्रकार सुरू झाला. गाडीचा यंत्रणेशीं असलेला बिनतारी संपर्क मध्येंच तुटे आणि सुरक्षिततेच्या योजनेप्रमाणें ती आपोआप थांबे. कधीं ही गाडी, कधीं ती. कधीं या स्थानकाजवळ, कधीं त्या. कारण सांपडेना. कांहीं काळ तो प्रकार थांबला आणि नोव्हेंबरांत पुन्हां उद्भवला. तेव्हां 5 नोव्हेंबरला सरकारच्या डेटा-तज्ज्ञांना रेल्वेच्या लोकांबरोबर बसविण्यांत आलें. हातांत काय होतें? रेल्वेच्या माणसांनीं ठेवलेला एक साधा तक्ता: कोणत्या वेळीं, कोठें, कोणती गाडी, कोणत्या दिशेला जात असतां अडली.

तज्ज्ञांनीं प्रथम तासवार, स्थानकवार, गाडीवार आलेख काढले. त्यांतून कांहींच निघालें नाहीं. मग त्यांनीं एक जुनी आकृति काढली. मारे नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळें ती एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्ध झाली. एका बाजूस वेळ आणि दुसऱ्या बाजूस स्थानकें मांडावयाचीं, म्हणजे प्रत्येक गाडीचा प्रवास एक तिरपी रेघ होऊन दिसतो. आपल्या रेल्वेच्या नियंत्रण-कक्षांतहि गाड्यांचा असाच आलेख काढण्याची रीत आहे. त्या कागदावर बिघाडांचे ठिपके मांडतांच ते रांगेंत उभे राहिले! एक गाडी अडली कीं थोड्या वेळानें तिच्या मागून येणारी अडे, मग तिच्याहि मागची. म्हणजे अडथळा गाड्यांच्या उलट दिशेनें सरकत होता. उलट दिशेनें सरकणारी वस्तु तेथें एकच असूं शकते: शेजारच्या रुळांवरून जाणारी दुसरी गाडी. ती स्वतः कधीं अडत नसे, म्हणून तक्त्यांत तिचें नांवच नव्हतें. तक्त्यांत नांवें होतीं तीं केवळ अडलेल्यांचीं. चलच्चित्रांच्या नोंदी तपासून पीव्ही-46 क्रमांकाच्या गाडीवर संशय स्थिर झाला. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, ती मुद्दाम चालवून पाहिली आणि शेजारच्या गाड्या अडल्या. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक बिघाडांचा उलगडा त्या एका गाडीनें झाला.

ह्यांत भारी गणित जवळजवळ नाहींच. चार रकाने कोणीं तरी नित्य प्रामाणिकपणें भरले होते. भरणाऱ्याला खोटें लिहून कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. प्रश्न एक व स्पष्ट होता. रेल्वेचीं माणसें आणि आंकड्यांचीं माणसें एका टेबलाशीं बसलीं होतीं. आणि उत्तर मिळतांच ती गाडी बाजूला काढणें कोणाच्या तरी हातीं होतें. हीं पांच अनुकूलतें एकत्र येणें किती दुर्मिळ, हें कचेरींत काम केलेल्यांना सांगावयास नको.

ज्या तरुण श्रोत्यांना हें काम शिकावयाचें आहे त्यांनीं मला विचारलें तर मी एक लहानसें काम सुचवीन. आपल्या सोसायटीला उन्हाळ्यांत पाण्याचे टँकर लागत असतील. किती लागतील हें कोणालाच आधीं सांगतां येत नाहीं आणि ऐन वेळीं दर वाढतो. तेव्हां फेब्रुवारींत एक वही घाला. टँकर केव्हां आला, किती लिटरांचा, टाकींत पाणी किती होतें, बोअर चालू होती कीं बंद, हें रखवालदाराला लिहावयास सांगा. सांगण्यापूर्वीं दोन दिवस त्याच्याबरोबर स्वतः उभे राहून पाहा. कोणता रकाना त्याला रात्रीं दोन वाजतां भरतां येणार नाहीं तें तेथेंच कळेल. नोंद चुकली तर त्याला रागावूं नका, नाहीं तर पुढच्या महिन्यांत सगळ्या नोंदी सुरेख येतील. एप्रिलांत सोपी त्रैराशिकाची रीत लावून पुढच्या आठवड्याचा अंदाज करा आणि तो सेक्रेटरींच्या हातीं टँकर मागविण्याच्या आदल्या सायंकाळीं द्या, दुसऱ्या दिवशीं नव्हे. पहिले तीन अंदाज चुकतील. कां चुकले तें त्याच वहीच्या मागल्या पानावर लिहून ठेवा. कोठें तरी लग्न निघेल, कोठें नळ फुटलेला निघेल.

आमच्या इमारतींत ही वही गेल्या उन्हाळ्यांत सुरू झाली. पहिल्या महिन्यांत रखवालदारानें लिटरांच्या रकान्यांत सर्वत्र दहा हजार लिहिलें होतें. विचारतां तो म्हणाला, "मास्तर, टँकरवर तसं लिहिलेलं आहे." तेव्हां टाकीला एक मापपट्टी बांधली, आणि पहिल्याच टँकरचें पाणी त्या मापानें आठ हजार सहाशें लिटर भरलें.

मला दिलेली वेळ संपली आहे.